ह्यूईची तीन वर्षं

रुतब बाजारात आला की मला दुकानातल्या खुर्चीवर बसवत नाही. रुतब म्हणजे अर्धवट पिकलेला ओला खजूर. एका टोकाला पिवळा, दुसऱ्या टोकाला तपकिरी, आणि मधे कुठेतरी गोड व्हायला लागलेला. जुलै लागला की दुबईतल्या रास अल खोरच्या आमच्या गल्लीत पिकअपच्या मागे खोकी मांडून तो विकायला बसतात. लोक घेतात, खातात, बिया थुंकतात आणि कामाला लागतात. मी मात्र उठतो, पाणी पितो, दार उघडतो. बाहेरची दमट हवा चष्म्यावर बसते, काही दिसेनासं होतं, मी दार लावून परत बसतो. पाच मिनिटांनी परत उठतो. शेजारच्या गॅरेजमधला पठाण विचारतो, "क्या हुआ कादिरभाई, किसी का इंतजार है?" मी नाही म्हणतो. वाट कुणाचीच बघत नसतो. तीन वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आहे, तो दर जुलैला येऊन समोरच्या खुर्चीत बसतो आणि उठायचं नाव घेत नाही.

माझं टायपिंग सेंटर आहे. व्हिसाचा अर्ज, गाडीचे कागद, भाड्याचा करार, नोकरीसाठीचा सीव्ही, जे काही सरकारदरबारी नाहीतर साहेबाच्या टेबलावर जायचं असतं, ते इथे आधी आमच्यासारख्यांच्या बोटांखालून जातं. आता बरंचसं मोबाइलवर होतं, पण ज्याला मोबाइलवर होत नाही तो माझ्याकडे येतो, आणि असे लोक अजून पुष्कळ आहेत. या धंद्याने मला एक गोष्ट हाडीमासी शिकवली. रकाना रिकामा ठेवायचा नाही. अर्जात लाल तारा असलेली जागा रिकामी राहिली की यंत्र अर्ज पुढे सरकू देत नाही. सीव्हीत वर्ष रिकामं राहिलं की साहेब माणसाला पुढे सरकू देत नाही. कुणी बापाच्या आजारपणात गावी अडकलेला असतो, कुणाला एजंटने बुडवलेलं असतं, कुणी नुसताच हातपाय गाळून बसलेला असतो. मी त्यांना फार विचारत नाही. वर्षभर आंब्याच्या बागेत झोपा काढणाऱ्याला मी 'ॲग्रो-एक्सपोर्ट सुपरवायझर' केलंय. चुलत्याच्या होडीवर जाळी ओढणारा माझ्या हातून 'मरीन लॉजिस्टिक्स'मध्ये गेलाय. थाप नेहमी जरा लांबच्या गावी ठेवावी, म्हणजे कुणी चौकशीला जात नाही, हीसुद्धा धंद्यातलीच शिकवण. त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, तेव्हा मला त्याची लाज कधी वाटली नव्हती. उलट अभिमानच होता.

त्या उन्हाळ्यात माझी बायको रुखसाना भाचीच्या लग्नासाठी दापोलीकडे गावी गेली होती. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझा मुलगा समीर, असे दोघेच. समीरची नोकरी जाऊन अकरा महिने झाले होते. कंपनीने एका सकाळी अर्धी टीम कमी केली, त्यात हाही. त्याचं जुनं ऑफिस आमच्या हॉलच्या खिडकीतून दिसायचं, म्हणून तो तिथला पडदा उघडत नसे. दिवसभर एसीची घरघर आणि अर्धवट उजेड. मी अंडी करायचो, तो खायचा, ताटल्या धुवायचा.

"त्या अर्जाचं काही कळलं का रे?"

"नो, अब्बा."

आमच्यात एवढंच बोलणं. जेवणं उरकायला पाच मिनिटं पुरायची.

गावाहून युसुफभाईंचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन यायचा. समीरसाठी त्यांनी एक स्थळ बघितलं होतं. "मुलीची माणसं विचारतायत, पोरगा सध्या काय करतो?" मी सांगायचो, "कन्सल्टन्सी. स्वतःचं. घरून." ते 'माशाल्ला' म्हणायचे. समीर तिथेच सोफ्यावर असायचा. तो कानात हेडफोन घालायचा. त्याच्या सीव्हीतही मी त्या अकरा महिन्यांसमोर 'फ्रीलान्स कन्सल्टंट' असं टाकून दिलं होतं, चांगल्या दोन ओळींत. त्याला विचारलं नव्हतं. मुलगा असला म्हणून काय झालं, सीव्ही तो सीव्ही.

अशात एके दिवशी मोराग बाई दुकानात आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, स्कॉटलंडच्या, उंच आणि ताठ. नवरा इथे इंजिनिअर होता, तो गेला. दुबई मरीनातलं घर आवरून ऑगस्टअखेर कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. जवळच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांनी जीप विकली होती, तिच्या कागदांसाठी आलेल्या. मी टाइप करत होतो आणि त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या. मग भिंतीवरची सीव्हीची पाटी वाचून म्हणाल्या, "मेलेल्या माणसाचा करता का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून एक जाडजूड वही आणली. त्यांच्या आजोबांची, ह्यूईची. तो शंभरेक वर्षांपूर्वी बॉक्सर होता. त्याच्या बायकोने त्याच्या लढतींची वर्तमानपत्रातली कात्रणं, जाहिराती, फोटो खळीने डकवून ठेवले होते. हे सगळं नीट क्रमाने, एका माणसाचं आयुष्य म्हणून, वीसेक पानांत टाइप करून हवं होतं. स्कॉटलंडला त्यांच्या मोठ्या बहिणीकडे सगळं कुटुंब जमणार होतं, तिथे त्या ते वाचून दाखवणार होत्या.

मला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वही उघडली आणि जुन्या कागदाचा, धुराचा आणि ओलीचा वास आला, आणि मी त्यात अडकलो. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन इथे उन्हात काम करायला बंदी असते. गल्ली सुनसान व्हायची, कामगार पिकअपखाली सावलीला आडवे व्हायचे, आणि मी ह्यूईकडे जायचो.

कोळशाच्या खाणीच्या गावात जन्मलेला. बुटका, अंगाने चिपाड. लहानपणीच बापाबरोबर खाणीत उतरलेला. एकदा गावात जत्रा आली. आपल्याकडे उरुसात कुस्त्या लागतात, तसे तिथे तंबूत बॉक्सिंगचे सामने. तंबूचा मालक बाहेर फळीवर उभा राहून ओरडायचा, आमच्या पैलवानासमोर तीन राउंड कोण टिकतो ते बघू. ह्यूई खाणीतून तसाच आलेला, कानात कोळशाची काजळी. टिकला. दुसऱ्या गावीही टिकला. तिसऱ्या गावी मालकाने त्यालाच नोकरीवर ठेवलं. मग तोच फळीवर उभा राहायला लागला आणि गर्दीतला एकेक दांडगा त्याच्यावर चालून यायला लागला. एकेका दिवशी कितीतरी वेळा. लोहार, हमाल, दारू प्यालेले सैनिक. फोटोत त्याचा डावा कान बघितला तर कान वाटत नाही, कुणीतरी कणीक दाबून बसवली असावी असं वाटतं.

मोराग बाई कधी कधी दुपारी यायच्या आणि वहीत नसलेलं सांगायच्या. ह्यूई हाताची कातडी टणक व्हावी म्हणून मुठी मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. मला आमच्या आईच्या बरणीतल्या खारवलेल्या कैऱ्या आठवल्या. वजन उतरवायला भर उन्हाळ्यात दोन कोट घालून चुलीपुढे बसायचा, बायको घाम पुसायची, पोरगी दारातून बघायची. ती पोरगी म्हणजे मोराग बाईंची आई. ह्यूई म्हातारा झाला तेव्हा त्याच्या मुठी पुऱ्या उघडत नव्हत्या. कप दोन मनगटांत धरून चहा प्यायचा, आणि लहान मोरागला तो खेळ वाटायचा, म्हणून तीही तसाच चहा प्यायची. हे सांगताना बाई हसल्या आणि हसतानाच त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग मोठी लढत. सबंध स्कॉटलंडमधली, त्याच्या वजनाच्या गड्यांची. वीस राउंड. गावाने वर्गणी काढून त्याला नवे बूट दिले होते, कारण जत्रेतले जुने फाटले होते. वीसच्या वीस राउंड उभा राहिला आणि पंचाने हात दुसऱ्याचा उचलला. कात्रणांत कुणी म्हणतं अन्याय झाला, कुणी म्हणतं ह्यूईने शेवटी हात चालवलाच नाही. त्यानंतर वहीत काही नाही. पान कोरं. पुढचं कात्रण थेट तीन वर्षांनंतरचं. ह्यूई परत आलाय, अंगाने सुटलाय, आणि एकामागून एक हरतोय. मग पहिलं महायुद्ध, मग खाणीच्या फाटकावर आत उतरणाऱ्या कामगारांना दिवे मोजून देण्याची नोकरी, मग मरण.

त्या कोऱ्या पानावर माझी बोटं थांबली, आणि थांबली ती फार तर दोन मिनिटं. मी चहाचा घोट घेतला आणि टाइप केलं, की या तीन वर्षांत त्याने स्पर्धांमधून विश्रांती घेतली आणि दूरच्या एका खाणगावात कामगारांच्या मुलांना फुकट बॉक्सिंग शिकवलं. छान वाटलं वाचायला. पानाला पान जुळलं. संध्याकाळी घरी जाताना मला त्यात काही चुकलंय असं मनातही आलं नाही. हाताला वळणच ते पडलेलं.

दोन दिवसांनी मोराग बाई माझ्यासमोर बसून वाचत होत्या. त्या पानावर आल्या, थांबल्या, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"हे तुम्हाला कुठे सापडलं?"

मी काही बोलायच्या आत त्याच बोलायला लागल्या. ह्यूई त्या हरलेल्या लढतीनंतर एका सकाळी घरातून निघून गेला होता. त्यांची आई तेव्हा पाच वर्षांची. तीन वर्षांनी परत आला, कुठे होतो ते सांगितलं नाही, आणि त्याच्या बायकोनेही कुणाला विचारू दिलं नाही. कुणी म्हणायचं तुरुंगात होता, कुणी म्हणायचं दारूत, कुणी म्हणायचं दुसरी बाई. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, मी रडकी होते म्हणून गेला असेल. "आणि तो पोरांना शिकवत होता," मोराग बाई म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या पोरांना का होईना. मिस्टर कादिर, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंत."

मला कल्पना आली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला! "कात्रणांच्या मागच्या बाजूला होतं," मी म्हणालो, "बारीक अक्षरात."

त्या रात्रीच त्यांनी बहिणीला फोन केला. बहीण चौऱ्याऐंशीची. ती रडली, असा मला मेसेज आला, खाली लाल बदाम. पुस्तिकेच्या तीस प्रती करा, म्हणाल्या, आणि ते पान वाचायचं काम बहिणीने स्वतःकडे घेतलं होतं.

पुढचे दहा दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. प्रती छापायला घ्यायच्या आणि प्रिंटरमध्ये कागद संपलाय म्हणून थांबायचं. कागद शेल्फवर असायचा. गिऱ्हाईक नाव सांगायचं आणि मी दुसऱ्याच रकान्यात टाकायचो. स्वतःशी भांडायचो. काय बिघडलं? एका म्हातारीच्या मनाला थंडावा मिळाला. मेलेल्या माणसाची अब्रू राहिली. युसुफभाई नेहमी म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग डोळ्यांपुढे पाच वर्षांची मुलगी यायची, जी आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिली, आणि तिच्या नावावर मी चहा पिता पिता एक खोटं खपवलेलं. तिच्या खऱ्या बापाला हाकलून तिथे मी एक बनवलेला माणूस बसवला होता. मी उठायचो, दार उघडायचो, चष्म्यावर धुकं, परत बसायचो.

ती सवय तेव्हापासूनची. आणि खरं सांगायचं तर अजूनही माझी खोड गेलेली नाही. आजही रिकाम्या दुपारी मी ह्यूईच्या त्या तीन वर्षांत काहीबाही भरत असतो. कधी तो बंदरावर पोती उचलतो. कधी परत त्याच जत्रेत, खोट्या नावाने, फळीवर उभा असतो. कधी नुसता चालत असतो, पावसात, हात खिशात घालून, कारण घरी जाऊन काय सांगायचं ते त्याला सुचत नसतं. यातलं शेवटचं मला सगळ्यात खरं वाटतं. पण वाटणं आणि असणं यात किती अंतर असतं ते मला आता कळतं, म्हणून मी ते कुठे टाइप करत नाही. समीर आता अबू धाबीला असतो. नोकरीवर फार खूश आहे असं नाही, पण फोन करतो, आणि मी 'सगळं छान ना?' असं विचारायचं सोडलंय.

तर दहाव्या दिवशी समीरचा इंटरव्ह्यू होता. सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, मी त्याला टायची गाठ मारून दिली, इन्शाल्ला होईल म्हटलं. दुपारी तो घरी न जाता सरळ माझ्या दुकानात आला. टाय खिशात कोंबलेला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"काय झालं रे?"

"दे आस्क्ड फॉर अ क्लायंट्स नेम, अब्बा. जस्ट वन."

"मग?"

"आय सेड, माय फादर रोट दॅट."

मी कीबोर्डवरचे हात काढले.

"दे लाफ्ड," तो म्हणाला. "व्हेरी नाइसली." मग त्याने फ्रिजमधली पाण्याची बाटली घेतली, उभ्याउभ्या अर्धी संपवली, आणि दाराशी जाऊन मराठीत म्हणाला, "मला एकदा विचारायचं तरी." दार लागलं. काचेतून मी त्याला बसस्टॉपकडे जाताना बघितलं, भर उन्हात, सावली सोडून चालत होता.

मी शटर ओढलं आणि टॅक्सी करून मरीनाला गेलो. मोराग बाईंच्या घरात जिकडे तिकडे खोकी, भिंतींवर काढलेल्या तसबिरींचे चौकोन. खाली समुद्र होता, पण धुळकट दमटपणात पाणी कुठे संपतं ते दिसत नव्हतं. त्यांनी चहाला बसायला सांगितलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. कात्रणांच्या मागे काही नव्हतं, ते मी मनाने लिहिलं, मी सगळ्यांचं तसंच लिहितो.

त्यांनी किटली खाली ठेवली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"माझ्या बहिणीचा हा कदाचित शेवटचा समारंभ आहे, मिस्टर कादिर. आता तिला मी फोन करायचा."

"मी करतो. चूक माझी आहे."

"तुम्ही नाही. तुम्ही बसा आणि ऐका."

त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पलीकडून बारीक, चिरकलेला आवाज आला. मोराग बाईंनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. ते टायपिस्टने रचलं होतं, खरं नाही. तिकडच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग बहीण म्हणाली, "मला जरा वाटलंच होतं. ह्यूईला पोरांचा कंटाळा यायचा." आणि ती खोकत खोकत हसली. मोराग बाईही हसल्या. मग दोघींचं हसू संपलं.

"म्हणजे परत माहीत नाही," पलीकडून आवाज आला.

"हो. परत माहीत नाही."

दोन बहिणी, दोन देशांत, आणि मधे मी, खुर्चीच्या कडेवर बसलेला. आयुष्यात इतकं शरमल्यासारखं मला कधी झालं नाही, समीरच्या सीव्हीसाठीसुद्धा नाही, आणि हे लक्षात आलं तेव्हा आणखीच शरम वाटली.

फोन ठेवल्यावर मोराग बाई म्हणाल्या, "तुम्ही मला दहा दिवस आजोबा दिलात आणि काढून घेतलात. मी रागावले आहे. ते जाईल की नाही माहीत नाही. चहा घ्या."

मी विचारलं, त्या जागी काय लिहू? माहिती उपलब्ध नाही, असं लिहू का?

"काही लिहू नका. वर्षं लिहा आणि खाली जागा सोडा."

"किती?"

"अख्खं पान. आजीने वहीत सोडलं होतं तेवढं."

दुकानात येऊन मी ती वर्षं टाइप केली आणि खालचं पान कोरं ठेवलं. इतक्या वर्षांत माझ्या प्रिंटरमधून असा कागद निघाला नव्हता. तीसच्या तीस प्रती तशाच बांधल्या. बाईंनी नेल्या, पैसे चोख दिले, हात मिळवला नाही. त्यांचा राग गेला की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

घरी गेलो तेव्हा संध्याकाळची, मगरिबची अजान होत होती. समीर सोफ्यावर बसला होता. युसुफभाईंचा फोन आला. मुलीची माणसं बायोडेटा मागत होती. मी समीरसमोरच म्हणालो, "भाई, त्याला नोकरी नाही. अकरा महिने झाले. घरी असतो." युसुफभाई म्हणाले, "अरे, असं कसं सांगू त्यांना?" मी म्हटलं, असंच सांगा. ते स्थळ अर्थातच मोडलं.

समीरने हेडफोन काढून ठेवला. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या शेजारी मी कधी बसत नसे, समोर बसायचो, गिऱ्हाइकासमोर बसतात तसा.

"समीर, या अकरा महिन्यांत तू काय केलंस रे?"

"नथिंग, अब्बा."

पुष्कळ जिभेवर आलं होतं, अर्ज केलेस, कोर्स केलास, आईला जपलंस, सगळी चांगली चांगली वाक्यं तयार होती. मी ती गिळली. एसी घरघरत होता. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे बघितलं.

"डू यू रिअली वॉन्ट टू नो?"

"हो," मी म्हटलं.

मग तो बोलायला लागला. अडखळत, थांबत, कधी इंग्रजीत, कधी मराठीत. तो बोलत राहिला, आणि मी एकदाही त्याचं वाक्य पुरं केलं नाही.